उजनी लाइव्ह आणि मे महिन्यातले बारा

आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात एक चौकट असे. उजनी धरणात किती टक्के पाणी आहे आणि शहराच्या कोणत्या भागात आज नळ येणार, एवढाच तिचा मजकूर. एखाद्या दिवशी जाहिरातीमुळे ती आतल्या पानावर गेली, तर मुख्य बातमी चुकल्यावर येत नसत इतके फोन येत. मुख्य बातमी चुकली आहे, हे बहुधा कोणाला कळतच नसे.

बाहेरगावच्या वाचकासाठी इथे एक खुलासा करणं भाग आहे. उजनीच्या शून्याखालीही भरपूर पाणी असतं. त्याला मृत साठा म्हणतात. हिशेबात ते मेलेलं असतं, पण उन्हाळ्यात शहर तेच पितं. म्हणून उजनी शंभरावरून उतरत शून्यावर येते आणि तिथे न थांबता उणे पाच, उणे दहा अशी खाली जात राहते. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य सोलापुरात पानपट्टीवर, लग्नात आणि दवाखान्याच्या बाकड्यावर सारख्याच सहजतेने बोललं जातं. गणितातल्या ऋण संख्या इथल्या मुलांना शिकवाव्या लागत नाहीत.

संपादक एकदा पुण्याला कसल्याशा परिषदेला गेले होते. तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं, की छापील पेपर आता फार दिवसांचा सोबती नाही. परत आल्यावर पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, “आपली वेबसाइट आहे, पण तिच्यात जीव नाही. उजनी लाइव्ह करायची.”

लाइव्ह म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. बैठकीत प्रश्न विचारणाऱ्याकडेच ते काम येतं, हा अनुभव सर्वांना होता. मीही विचारलं नाही. तरी काम वेब विभागाकडेच आलं आणि वेब विभागात मी होतो. मला तिथे बसवण्याचं कारण असं, की इंग्रजी मजकूर वाचताना माझे ओठ हलत नाहीत, हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं.

विभागातलं दुसरं माणूस म्हणजे आमची प्रोग्रॅमर. बुधवार पेठेत राहणारी, संगणकाची पदवी घेतलेली आणि पदवीनंतर इथेच थांबलेली. तिच्या वर्गातले झाडून सगळे पुण्याला गेले होते. ती गेली नव्हती, कारण घरात आई आणि ती दोघीच. आई महापालिकेच्या दवाखान्यात परिचारिका आणि तिची निवृत्ती जवळ आलेली. मुलाखतीत संपादकांनी तिला विचारलं होतं, “पुण्यात चांगलं मिळेल की. इथे कशाला?” ती म्हणाली होती, “इथे मिळालं तर तिथे कशाला, सर?” हे उत्तर संपादकांना फार आवडलं. इतकं आवडलं, की तिला कायम करण्याचा विषय ते प्रत्येक बैठकीत स्वतःहून काढत आणि प्रत्येक बैठकीत स्वतःच पुढच्या बैठकीवर ढकलत. आता त्यांनी अट घातली. उजनी लाइव्ह नीट चाललं तर ती कायम. नाही चाललं तर प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि शुभेच्छा. शुभेच्छा घेऊन पुण्याला जायचं, हे न सांगताच सर्वांना समजलं.

त्या काळी वेबपानावर हलतं चित्र दाखवायचं तर फ्लॅश वापरत. फ्लॅशला हुकूम द्यायची भाषा म्हणजे अॅक्शनस्क्रिप्ट. इथून रेघ सुरू कर, इतक्या अंतरावर वळव, मिटव, आत निळा रंग भर, असं ओळीने लिहून सांगायचं. मग ते पुसून पुन्हा काढायला सांगायचं, सेकंदाला चोवीस वेळा. प्रत्येक वेळी रेघ जराशी सरकवली, की बघणाऱ्याला पाणी हलतंय असं वाटतं. पुढे ब्राउझरांनी फ्लॅश बंद केलं आणि अशी काढलेली सगळी चित्रं एकदमच गेली. त्यांच्यासाठी शोकसभा झाल्याचं ऐकिवात नाही.

तिने पहिलं चित्र केलं ते साधं होतं. धरणाची भिंत, मागे पाणी, शून्याला एक लाल रेघ. पाणी रेघेच्या वर असेल तर निळं, खाली गेलं तर गढूळ. बाजूला आकडा. रोज सकाळी एका पानावरच्या रिकाम्या खणात आकडा टाकायचा, की पाणी तेवढं वर किंवा खाली सरके. उणे असेल तर आकड्याआधी उण्याची खूण टाकायची. हे तिने ग्रामीण पानाच्या प्रमुखांनाही बसवून दाखवलं, कारण धरणाचा आकडा रोज त्यांच्याकडेच येई. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी चित्राकडे पाहून मान डोलावली आणि म्हणाले, “छान आहे. पण बातमी कुठे आहे यात?”

संपादकांनी चित्र पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

“हलत का नाही हे?”

“सर, आकडा रोज सकाळी बदलतो. तेव्हा हलतं.”

“दिवसातून एकदा? अगं, मग पेपर काय वाईट आहे? लाइव्ह म्हणजे हललं पाहिजे. लाटा टाक.”

तिने लाटा टाकल्या. लाटा आल्यावर संपादकांना त्यांच्यावर ऊन चमकायला हवं होतं. ऊन आल्यावर काठावर ऊस हवा होता, वाऱ्यावर डोलणारा. ऊस डोलू लागला तेव्हा काठाचा आकार त्यांच्या नजरेला खटकला. उजनीचं पाणी भीमेच्या दोन्ही अंगांनी ओढ्याओढ्यांत शिरतं, त्यामुळे तिचा काठ म्हणजे झाडाची मुळं पसरावीत तसा दिसतो. “करमाळ्याच्या बाजूचा एकही कोपरा सुटता कामा नये,” ते म्हणाले, “तिकडे आपला खप आहे.” तिने नकाशावरून हजारो बिंदू घेऊन काठ उतरवला. शेवटी रोहित पक्षी आले. उजनीच्या पाणलोटात थंडीत ते येतात, त्यांचे फोटो आम्ही दरवर्षी छापतो. संपादकांना थवाच्या थवा हवा होता आणि प्रत्येकाने पंख हलवायला हवे होते.

“सर, ते हिवाळ्यात येतात,” कोणीतरी म्हणालं.

“पेपरात हिवाळ्यात. वेबसाइटवर बारमाही.”

जाहिरात विभागाने त्याच दिवशी एका पंपविक्रेत्याची पाटी धरणाच्या भिंतीवर लावून घेतली आणि ती चमकावी असा आग्रह धरला. तीही चमकू लागली.

चित्र पेपरच्या मालकांच्या संगणकावर सुरेख चाललं. तो कार्यालयातला सर्वांत नवा संगणक होता आणि त्यावर दुसरं काहीच चालत नसे. संपादकांच्या संगणकावर ते अडखळलं. नवी पेठेतल्या सायबर कॅफेत ते उघडलं, तर कॅफेवाल्याने आम्हाला वेळेचे पैसे परत दिले आणि पुन्हा येऊ नका म्हणाला. टेंभुर्णीहून आमच्या वार्ताहराचा फोन आला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यातल्या जुन्या संगणकावरून तो बातम्या पाठवत असे.

“सायेब, तुमचं ते उजनीचं पान उगडलं की आमचा कंप्युटर झोपतोय बगा.”

“थोडा वेळ थांबून बघा.”

“सकाळधरनं थांबलोय की. त्यो तांबडा पक्षी एक पाय वर करून हुबा हाय. दुसरा टेकवंनाच. गिऱ्हाईक इचारतंय, ह्यो तुमचा देव हाय का?”

ही प्रतिक्रिया मी संपादकांना जशीच्या तशी सांगितली नाही. ‘ग्रामीण भागात वेग कमी आहे’ असं सांगितलं. ते म्हणाले, ग्रामीण भागात नेहमीच असतो. पण मग मालकांनीच विचारलं, की हे लाइव्ह बंद का पडतं. तेव्हा तिला वेग वाढवायला एक आठवडा मिळाला. काहीही काढून न टाकता वाढवायचा, ही अट.

त्या आठवड्यात ती जे करत होती, ते समजून घेणं माझ्या कामाचा भाग होता. रोज संध्याकाळी संपादकांना प्रगती सांगावी लागे. मी विचारलं, एवढं काय अवघड आहे. तिने उत्तराऐवजी मलाच विचारलं, “तुम्ही पान लावता तेव्हा पेपरचं नाव रोज नव्याने काढता का?”

“नाही. ते तयार असतं.”

“हे काढतंय. नाव, तारीख, चौकटी, सगळं. सेकंदाला चोवीस वेळा. काहीच बदललेलं नसताना.”

तिचा नियम एका ओळीचा होता. जे बदललं नाही, ते पुन्हा काढायचं नाही. हा नियम आमच्या धंद्याच्या थेट विरोधात होता, हे मी तिला सांगितलं नाही. पालकमंत्र्यांचं आश्वासन दरवर्षी नव्याने काढावं लागतं, म्हणून तर आमची पानं भरतात.

एकेक करून तिने काम उतरवलं. पक्ष्याचं चित्र रेघारेघांनी काढायचं बंद केलं. एकच पक्षी पंखांच्या चार-पाच अवस्थांत एकदा काढून ठेवला आणि तोच शिक्क्यासारखा जागोजागी उमटवला. थवा तेवढाच दिसला, कष्ट एकाचे. संपादकीय विभागातही ही पद्धत पूर्वीपासून आहे, फक्त तिला तिथे बातमीदारी म्हणतात. लाटांची एक लांब पट्टी तिने करून ठेवली आणि धरणाच्या आकाराच्या खिडकीमागून ती आडवी सरकत राहील असं केलं. पाण्यावरच्या उन्हाचा पारदर्शक थर काढला आणि तोच रंग आधीच मिसळून पट्टीत भरला, कारण एका थरातून दुसरा दिसायचा तर संगणकाला प्रत्येक ठिपक्याचा हिशेब करावा लागतो. चमकणाऱ्या पाटीमागची धूसर सावली तिने अशी बेताने कमी केली, की पंपविक्रेत्याला कळली नाही.

राहिला काठ. त्यात हजारो वळणं होती आणि पाण्याची पातळी सरकली की ती सगळी पुन्हा मोजली जात होती. तिने डोळ्यांना न जाणवणारे बिंदू गाळायला सुरुवात केली. आधी बिचकत गाळले, मग हात सैल सोडून. करमाळ्याच्या बाजूचे बरेच कोपरे त्यात गेले. संध्याकाळी तिने सुधारित चित्र संपादकांना दाखवलं. ते चष्मा लावून पुढे वाकले.

“हां. आता कशी बारकाई आली बघ काठात.”

“हो सर,” ती म्हणाली.

टेंभुर्णीचा फोन दुसऱ्या दिवशी आला. “सायेब, आता पळतंय की! लई भारी. पक्षी दोनी पाय आपटतोय. गिऱ्हाईक दुकानातनं हलंना झालंय.”

सगळं नीट चाललं होतं, म्हणजे तिला कायम करायला हरकत नव्हती. संपादकांनाही हरकत नव्हती. फक्त ते म्हणाले, एवढा मे महिना जाऊ दे. उन्हाळ्यात उजनीवर सगळ्यांची नजर असते, तेव्हा टिकलं म्हणजे टिकलं. ती बरं म्हणाली. आईला तिने सांगितलं होतं, की एप्रिलमध्ये होईल. आता मे संपता संपता, असं सांगितलं.

याच सुमारास उजनी मायनसमध्ये गेली. लाल रेघेखाली गढूळ पाणी दिसू लागलं, पक्षी चिखलात उभे राहिले आणि संपादकांनी विचारलं, की त्यांना जरा कमी उदास दाखवता येईल का. आकडा रोज सकाळी ती स्वतः भरत असे, खूण घालून. वेबसाइटच्या शीर्षपट्टीवर मोठ्या अक्षरांत ‘उजनी लाइव्ह’ असं होतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘मृत साठा’. यात काही विसंगत आहे, असं बैठकीत कोणाला वाटलं नाही.

बुद्धपौर्णिमेला तिने रजा घेतली. ती रजा तिच्या हक्काची होती आणि आधी मंजूर झालेली होती. त्या दिवशी आकडा भरायचं काम अण्णांकडे होतं.

अण्णांची काम करायची रीत कार्यालयात सर्वांना पाठ होती. सकाळी आल्यावर चहा पुढे ओढायचा आणि धरणाच्या कार्यालयाला फोन लावायचा.

“किती?”

पलीकडून आकडा येई.

“बरं. वहिनी काय म्हणतात?”

एवढंच. या संभाषणात उणे किंवा अधिक हा शब्द मी कधी ऐकला नाही. तो दोघांच्याही बोलण्यात नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. मे महिन्यात बारा म्हणजे उणे बारा. ऑगस्टच्या अखेरीस बारा म्हणजे अधिक बारा. मधल्या काळात शंका आली तर आकाशाकडे बघायचं. सोलापुरातली सगळी माणसं असंच बोलतात. ‘उजनी किती?’ ‘सोळा झाली.’ ऐकणारा चुकचुकतो किंवा सुटकेचा श्वास घेतो, ते महिन्यावरून. छापील चौकटीसाठी अण्णा कागदावर नुसता आकडा लिहून देत आणि पान लावणारा ऑपरेटर ‘उणे’ आपल्या मनाने घाले. त्याला तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. तो सोलापूरचा होता.

अण्णांनी त्या दिवशी फोन केला, बारा ऐकलं, खणात बारा भरलं आणि चहा संपवला.

चित्राने सांगितलं ते केलं. पाणी लाल रेघेच्या वर चढलं आणि निळं झालं. लाटा सरकू लागल्या, त्यांच्यावर ऊन आलं, ऊस हिरवा डोलू लागला आणि चिखलातले पक्षी पाण्यात आले. मे महिन्यात, एक थेंब न पडता, उजनी भरायला लागली होती. आणि हे सगळं अत्यंत वेगाने झालं. चित्र पूर्वीसारखं जड राहिलं असतं, तर ही चूक कार्यालयाच्या जिन्याखालीही उतरली नसती. बहुतेक संगणक ती उघडण्याआधीच झोपले असते. पण आता ते टेंभुर्णीपर्यंत पळत होतं.

पहिला फोन करकंबहून आला. बोलणारे शेतकरी होते. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने तिथे संगणकावर पाहून वडिलांना कळवलं होतं.

“पेपरात उणे बारा हाय. पोरगं म्हनतंय तुमच्याच कंप्युटरवर पाणी वाढलंय. मी ऊस ठिवू का मोडू?”

“पेपरात आहे ते खरं.”

“मग कंप्युटरवर काय हाय?”

“तेही आमचंच आहे,” मी म्हणालो आणि फोन ठेवून तिला घरी फोन लावला. ती विहारातून नुकतीच परतली होती. तिने सांगितल्याप्रमाणे मी खणात उण्याची खूण घातली. पाणी उतरलं, पक्षी चिखलात परत आले. पण तोवर दुपार होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी महापालिकेची सर्वसाधारण सभा होती. एका नगरसेवकाने त्या चित्राची रंगीत प्रत काढून आणली होती, पक्ष्यांसकट. ती उंच धरून त्यांनी विचारलं, की धरणात पाणी चढत असताना शहराला चार-चार दिवसांआड पाणी का? अधिकाऱ्यांनी सांगितलं, की साठा उणे आहे. नगरसेवकांनी विचारलं, मग हे काय आहे? सभागृहात बराच गोंधळ झाला. आमच्या प्रतिनिधीने तो शांतपणे टिपून घेतला.

संध्याकाळी संपादकांच्या केबिनमध्ये चौघं होतो. संपादक, अण्णा, ती आणि खुलासा लिहून घ्यायला मी.

“झालं काय नेमकं?” संपादकांनी विचारलं.

“काय होणार?” अण्णा म्हणाले. “बारा होतं, बारा भरलं. मे महिन्यात बारा म्हणजे उणे बाराच की. शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुमच्या कंप्युटरला एवढं कळू नये?”

संपादकांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत खरोखरच प्रश्न होता.

“कळत नाही, सर,” ती म्हणाली. “त्याला महिना कळत नाही. खूण घातली की कळतं. मी दाखवलं होतं.”

“दाखवलं होतं,” अण्णांनी कबूल केलं. “पण तेव्हा धरण प्लसमध्ये होतं.”

संपादकांनी खुर्ची मागे सरकवली आणि मला सांगायला लागले. “लिहा. उजनी लाइव्ह या आपल्या लोकप्रिय सदरात तांत्रिक कारणामुळे चुकीचा साठा दर्शवला गेला. त्याबद्दल दिलगीर आहोत.”

मी लिहिलं. हे वाक्य आमच्याकडे तयारच असे, फक्त सदराचं नाव बदलायचं.

“सर, तांत्रिक नको,” ती म्हणाली.

“अगं, तांत्रिक म्हणजे कोणाचीच चूक नाही. म्हणून तर लिहितात.”

“तांत्रिक विभागात मी एकटीच आहे, सर.”

संपादक थांबले. हा मुद्दा त्यांच्या लक्षात आला नव्हता. यापूर्वी ‘तांत्रिक’ लिहिलं जाई, तेव्हा तो विभागच नव्हता, त्यामुळे कोणाचं काही जात नसे. आता हा शब्द छापून आला, की मालक पहिल्यांदा तिचं नाव विचारणार आणि महिनाअखेरीला तिच्या हातात प्रमाणपत्र पडणार, हे चौघांनाही दिसत होतं. ती उभीच होती.

“मग काय, अण्णांची चूक असं लिहू?”

“कोणाची लिहू नका, सर. काय झालं ते लिहा.”

काय झालं ते लिहावं, ही सूचना त्या केबिनमध्ये नवी होती. तिला आधार मिळाला तो अनपेक्षित बाजूने.

“लिहा की,” अण्णा म्हणाले. “मला कसली भीती? सगळ्या जिल्ह्याला कळू दे, मी बारा भरलं म्हणून. बघू कोण चूक म्हणतंय ते.”

“तुमची तयारी आहे?”

“तयारी म्हणजे? ठळक टाइपात घ्या.”

मी ‘तांत्रिक कारणामुळे’ खोडलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं: उजनीचा साठा उणे बारा टक्के आहे, वेबसाइटवर आकडा भरताना ‘उणे’ ही खूण घालायची राहिली. दिलगिरी संपादकांनी शेवटच्या क्षणी काढून टाकली, कारण कोणाचीच चूक नसताना ती कशासाठी?

खुलाशावर फोन आले, पण वेगळेच. एक जण म्हणाले, यात खुलासा करण्यासारखं काय आहे, मे महिन्यात बारा म्हणजे काय ते आम्हाला कळतं. दुसरे म्हणाले, आम्ही ते चित्र बघितलं तेव्हाच वाटलं, कंप्युटर बाहेरगावचा दिसतोय. अण्णा ते फोन स्पीकरवर लावून ऐकत होते. जिल्हा आपल्या पाठीशी आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर जिल्हा होताच.

मालकांनी मात्र विचारलंच. संपादकांनी त्यांच्यापुढे दोन कात्रणं ठेवली. एक तो खुलासा. दुसरं सभेचं वृत्त, तीन स्तंभांत, नगरसेवक रंगीत कागद उंच धरून उभे आहेत अशा फोटोसह. मथळा होता: ‘उजनी लाइव्ह’चे महापालिकेत पडसाद. मालकांनी खुलासा वाचला नाही. फोटोकडे पाहिलं, आपल्या वेबसाइटचं नाव कागदावर स्पष्ट वाचता येतं का ते पाहिलं आणि पंपविक्रेत्याची पाटी त्यात आली आहे हे बघून समाधानाने विचारलं, “हे कोणी केलं?”

संपादकांनी तिचं नाव सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा असा होता, की ती कल्पना मूळची त्यांची असावी.

“कायम आहे ना ती?”

“करतोच आहोत.”

तरी अडचण आली. आमच्या संस्थेच्या मंजूर पदांमध्ये प्रोग्रॅमर हे पदच नव्हतं. ते नवं निर्माण करायचं, तर संचालकांच्या बैठकीत ठराव हवा होता आणि ती बैठक बहुधा कोणाच्या तरी आजारपणामुळे पुढे जात असे. प्रशासनाने रिकाम्या जागा धुंडाळल्या. एक सापडली. शिशाचे खिळे जुळवून पानं तयार होत, त्या काळातली ही जागा. तिच्यावरचा शेवटचा माणूस निवृत्त झाल्यावर ती तशीच राहिली होती, कारण रद्द करायलाही ठराव लागतो. तिला त्या जागेवर कायम करण्यात आलं. कंपोझिटर म्हणून.

नेमणुकीचा कागद हातात घेऊन ती जिन्यात गेली आणि तिने घरी फोन लावला. मी जिन्याच्या तोंडाशी चहाची वाट बघत उभा होतो, त्यामुळे एका बाजूचं बोलणं ऐकू आलं.

“आई, झालं. हो, कायम. हो गं, सही झाली... नाही, जायचं नाही कुठे. इथेच... कशात म्हणजे? कंपोझिटर... अगं, ते खिळे जुळवायचे पूर्वी, तसं... नाही, खिळे नाहीत आता. मशीन भंगारात गेलं... हो, माझ्या जन्माआधीच... मग काय करू म्हणजे? तेच करणार, जे करत होते... पगार? तेवढाच. रडू नको ना. ड्युटीवर आहेस ना तू?”